कुत्रा जेवत नाही? आधी घरातला हिशेब मांडा

"मॅडम, याला भूक लागायचं एखादं टॉनिक द्या, हा काही खातच नाही बघा." आठवड्यातून निदान चार-पाच वेळा हे वाक्य माझ्या दवाखान्यात ऐकू येते. सांगणारे वेगवेगळे असतात. कधी नोकरीवरून निवृत्त झालेले आजोबा, कधी नवीन लग्न झालेले जोडपे, कधी शाळेच्या गणवेशातच आलेली मुलगी. टेबलावर उभा असलेला प्राणी मात्र बहुतेक वेळा एकाच मापाचा असतो. पॉमेरेनियन, ल्हासा, शित्झू नाहीतर पग. वजन चार ते आठ किलो. अल्सेशियन किंवा लॅब्रॅडॉर पाळणाऱ्यांकडून ही तक्रार क्वचित येते. मळ्यातल्या गावठी कुत्र्याच्या मालकाकडून तर जवळजवळ कधीच नाही.

आरोग्याच्या सदरात कुत्र्याची पंगत कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण आता सांगलीपासून तासगाव-विट्यापर्यंत प्रत्येक गल्लीत असे छोटे कुत्रे आहेत. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला आणि त्यातल्या टफीने पांढऱ्या केसाळ कुत्र्याचे वेड घरोघरी पोचवले. २००३ च्या सुमारास एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीने पगला तीच प्रसिद्धी मिळवून दिली. कुत्रे घरात आले, सोफ्यावर चढले, आणि घरातले खाणेही त्यांच्या वाट्याला येऊ लागले. तेव्हा घरातल्या माणसांच्या मधुमेहाची, रक्तदाबाची चर्चा जिथे होते, तिथे या सदस्याच्या ताटाविषयी बोलायला हरकत नसावी.

आजार की नखरे?

कुत्रा जेवत नाही म्हटल्यावर मी पहिला प्रश्न विचारते तो एवढाच, "केव्हापासून?" कालपरवापर्यंत ताटली चाटूनपुसून साफ करणारा कुत्रा अचानक तोंड फिरवत असेल, तर तो नखरा नाही. तो आजार आहे असे धरूनच चालावे. याउलट "लहानपणापासून असाच आहे, बिस्किटे खातो पण जेवत नाही" असे उत्तर आले आणि कुत्रा मात्र गुटगुटीत, शेपटी हलवणारा, डोळे चमकदार असा असेल, तर गोष्ट निराळी.

आपल्या भागात भूक अचानक जाण्याचे फार मोठे कारण म्हणजे गोचीडताप. गोचीड चावल्याने रक्तात शिरणारे हे जंतू आधी भूक मारतात. ताप येतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येते किंवा लघवी गडद होते. केसाळ कुत्र्यात गोचीड सहज दिसत नाही. कानाच्या आत, पायांच्या बोटांमध्ये आणि गळपट्ट्याखाली हात घालून पाहावे लागते. नाक कोरडे म्हणजे ताप, ही समजूत मात्र सोडून द्या. कुत्र्याचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे नेहमीचेच असते, आपल्या हाताला ते गरम लागणारच. खरा ताप थर्मामीटरनेच कळतो.

दुसरे कारण तोंडातच असते, आणि छोट्या जातींत ते फार आढळते. एवढ्याशा जबड्यात बेचाळीस दात दाटीवाटीने बसलेले असतात. त्यांवर किटण साचते, हिरड्या सुजतात, दात हलू लागतात. असा कुत्रा ताटलीपाशी धावत येतो, घास उचलतो आणि टाकून देतो, किंवा मान वाकडी करून एकाच बाजूने चावतो. मालक म्हणतात, "बघा, वास घेतो आणि सोडून देतो, आवडतच नाही त्याला." आवडत नाही असे नाही, दुखते. ओठ वर उचलून दाढा बघा आणि तोंडाचा वास घ्या. सात-आठ महिन्यांच्या पिलात दुधाचा सुळा न पडता नव्या सुळ्याशेजारी तसाच उभा असेल, तर तोही दाखवून काढून घ्यावा.

न व्यालेली, गर्भाशय न काढलेली मध्यमवयीन कुत्री माजानंतर महिना-दोन महिन्यांत जेवण सोडून भरपूर पाणी पिऊ लागली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी. यात दिवस घालवणे जिवावर बेतते. नुकतीच व्यालेली छोटी कुत्री, विशेषतः पिले दोन-तीन आठवड्यांची असताना, जेवण सोडून धापा टाकू लागली, थरथरू लागली, पाय ताठ करू लागली, तर तिच्या रक्तातले कॅल्शियम घसरलेले असते. पिले बाजूला करून तिला तासाभराच्या आत दवाखान्यात आणावे. सकाळपर्यंत थांबू नये.

एक गोष्ट जरा स्पष्टच लिहिते. कुत्रा खात नाही, जबडा लोंबतो आहे, लाळ गळते आहे, पाणीही गिळता येत नाही, असे दिसले की घशात हाड अडकले असेल म्हणून लोक तोंडात हात घालतात. हात घालू नका. पिसाळण्याच्या रोगाचा एक प्रकार अगदी असाच शांत असतो. त्यात कुत्रा धावून येत नाही, चावतही नाही. त्याला वेगळे बांधा आणि डॉक्टरांना आधी फोन करा. लाळ हाताला लागली असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे हात धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जाऊन लशीबद्दल विचारा. घरातच राहणाऱ्या पॉमला रेबीजची लस कशाला, असे म्हणणाऱ्यांसाठीही हे लिहिले आहे.

हे सारे तपासून झाले, रक्त तपासले, दात पाहिले, जंतांचे औषध वेळेवर दिलेले आहे, आणि कुत्रा ठणठणीत आहे. तरी तो जेवत नाही. मग मी औषधाची चिठ्ठी न लिहिता कोरा कागद पुढे सरकवते आणि म्हणते, काल सकाळी उठल्यापासून याच्या पोटात काय काय गेले ते लिहा.

सहा बिस्किटांचा दिवस

मागे असाच एका घराचा हिशेब मांडला होता. घरात पाच माणसे, कुत्री पॉम, नाव पिंकी. तक्रार अशी की पिंकी चिकन-भाताला तोंड लावत नाही, गोळ्यांच्या महागड्या खाद्याला तर हुंगतही नाही. कागदावर आधी फक्त "दूध आणि एक-दोन बिस्किटे" एवढेच आले. मग एकेकाला आठवू लागले. आजोबांच्या पहाटेच्या चहाबरोबर दोन ग्लुकोज बिस्किटे. सूनबाईंनी दिलेली वाटीभर दुधात भिजवलेली दोन. शाळेत जाताना नातवाने दिलेली दोन. दुपारी आजींच्या ताटातला तूप लावलेल्या चपातीचा तुकडा. संध्याकाळी दुकानातून आलेल्या मालकांच्या हातची अर्धी खारी. कोणीच खोटे बोलत नव्हते. प्रत्येकाने खरोखरच 'एक-दोन'च दिली होती, आणि दुसरा किती देतो हे कोणालाच माहीत नव्हते.

आता आकडे बघू. एका लहान ग्लुकोज बिस्किटात साधारण २० ते २५ कॅलरी असतात, म्हणजे सहा बिस्किटांच्या झाल्या १३०. म्हशीचे दीडशे मिलिलिटर दूध, सायीसकट, सुमारे १५०. तूप-चपातीचा तुकडा ६०, खारी ५०. एकूण ३९०. आणि ज्या छोट्या कुत्र्याचे वजन पाच किलो असायला हवे, त्याला घरातल्या घरात राहून दिवसाला लागतात सुमारे ३०० ते ३५० कॅलरी. म्हणजे पिंकी न जेवता गरजेपेक्षा जास्तच खात होती. तिचे वजन सात किलो भरले. भूक लागायचे टॉनिक तिला देऊन करायचे काय?

आपली नजर इथेच फसते. बिस्किट आपल्याला एवढेसे दिसते, कारण आपण साठ किलोचे आहोत. पाच किलोच्या कुत्र्याने एक बिस्किट खाणे म्हणजे आपण जेवणाखेरीज दीड चपाती खाण्यासारखे आहे. तसेच वजनाचे. "एकच किलो तर वाढलाय" असे सहज म्हटले जाते. पाच किलोत एक किलो म्हणजे साठ किलोच्या माणसात बारा किलो.

बरे, कुत्र्याला बिस्किटच का आवडते? कुत्र्याच्या जिभेला गोड चव कळते. मांजराला ती कळत नाही, म्हणून मांजर बिस्किटाच्या मागे लागत नाही. शिवाय माणसाच्या जिभेवर सुमारे ९,००० रुचिकलिका असतील तर कुत्र्याच्या जिभेवर सुमारे १,७०० असतात. कुत्रा जेवतो तो मुख्यतः नाकाने. फ्रीजमधून काढलेले थंडगार अन्न त्याला बेचव वाटते, कारण त्याला वासच नसतो. तेच कोमट केले की डोके खाली जाते. आणि कुत्रा हुशार असतो. दोनदा ताटलीकडे पाठ फिरवली की आई आत जाऊन काहीतरी चांगले आणते, हे तो आठवड्यात शिकतो. आपण ज्याला नखरे म्हणतो ते त्याच्या दृष्टीने शिक्षण आहे, आणि शिकवणारे आपणच.

असा गुटगुटीत कुत्रा दिसायला गोड दिसतो, हेही खरे. पण छोट्या जातींच्या गुडघ्याची वाटी मुळातच सरकणारी असते. वजन वाढले की कुत्रा चालता चालता एक पाय उचलून लंगडी घालू लागतो. त्यांची श्वासनलिका नाजूक असते. गळ्याभोवती चरबी साठली की बदकासारखा कोरडा खोकला सुरू होतो आणि एप्रिल-मेच्या उन्हात तो जीव घेतो. पगची तर बोलायलाच नको, त्याचे नाक आधीच दबलेले. २००२ साली अमेरिकेत एका दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकाच वेतातल्या लॅब्रॅडॉर पिलांच्या जोड्या करून ४८ कुत्र्यांना आयुष्यभर पाहिले. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिले. कमी खाणाऱ्यांचे आयुष्य सरासरी १३ वर्षे भरले, जास्त खाणाऱ्यांचे ११.२. सांधेदुखीही कमी खाणाऱ्यांना उशिरा सुरू झाली. लॅब्रॅडॉर मोठा कुत्रा आहे हे मान्य; पण छोट्यांच्या बाबतीत रोज दवाखान्यात जे दिसते ते याहून वेगळे नाही.

ताटात काय असावे

किती द्यायचे ते आधी. ढोबळ मानाने, घरात राहणाऱ्या, फार न धावणाऱ्या प्रौढ कुत्र्याला वजन तीन किलो असेल तर २००, पाच किलो असेल तर ३००, सात किलो असेल तर ३९० आणि दहा किलो असेल तर ५०० कॅलरी पुरतात. रोज तासभर फिरणाऱ्याला थोड्या अधिक. हे वजन म्हणजे आज काट्यावर दिसणारे नव्हे, असायला हवे ते. ते कसे ओळखायचे? बरगड्यांवरून हात फिरवा. केसांखाली बरगड्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत, पण डोळ्यांना दिसता कामा नयेत. वरून पाहिले तर कंबर आत गेलेली दिसावी. पॉमच्या केसांत कंबर दिसत नाही, म्हणून आंघोळ घातल्यावर ओला असताना बघा. पुष्कळांना तेव्हा पहिल्यांदा आपला कुत्रा खरा किती आहे ते कळते.

मला विचाराल तर वेळ आणि हिशेब नसलेल्या घराने चांगल्या प्रतीचे, प्रौढ छोट्या जातींसाठीचे तयार कोरडे खाद्य द्यावे. त्यात जीवनसत्त्वे आणि खनिजे मापात घातलेली असतात. पुडीवर हे संपूर्ण आहार आहे की नुसता खाऊ, ते वाचून घ्या. दोन्हींची पुडकी सारखीच रंगीत असतात. प्रौढासाठी प्रथिने निदान १८ टक्के आणि पिलासाठी साडेबावीस टक्के असावीत असे अमेरिकन मानक आहे. अशा खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० ते ३८० कॅलरी असतात, म्हणजे पाच किलोच्या कुत्र्याला दिवसाला ८० ते ८५ ग्रॅम झाले. एवढ्याशा गोळ्या पाहून "एवढेच?" असे घरातले कोणीतरी म्हणतेच. हो, एवढेच. दुकानात पोत्यातून सुटे विकले जाणारे खाद्य मात्र घेऊ नका. उघड्यावर त्यातली चरबी खवट होते, आणि नाकाने जेवणारा प्राणी ते सोडून देतो तेव्हा त्याचेच बरोबर असते.

घरचे शिजवलेले द्यायचे असेल तर जरूर द्या, पण मोजून. पाच किलोच्या कुत्र्यासाठी दिवसभराचे एक माप सांगते. शिजवलेले बिनहाडाचे चिकन ८० ग्रॅम, शिजवलेला भात ८० ग्रॅम, उकडलेला लाल भोपळा, गाजर किंवा दुधी ४० ग्रॅम आणि एक छोटा चमचा तेल. हे झाले साधारण २८५ कॅलरीचे. याचे दोन भाग करून सकाळ-संध्याकाळ द्यावेत. तिखट, मसाला, कांदा-लसूण नाही. चिमूटभर हळद चालेल. मांसात आणि भातात कॅल्शियम फारच कमी असते. ३०० कॅलरी खाणाऱ्या कुत्र्याला दिवसाला पावणेचारशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम हवे. अंड्याचे कवच उकळून, वाळवून, मिक्सरमधून अगदी मैद्यासारखे बारीक करावे. त्याचा एक ग्रॅम, म्हणजे छोट्या चमच्याचा पाचवा-सहावा भाग, ही गरज भागवतो. झिंक, तांबे, आयोडीन, ड जीवनसत्त्व यांसाठी डॉक्टरांना विचारून पूरक औषध द्यावेच लागते. २०१३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यांनी पुस्तकांतल्या आणि इतर ठिकाणच्या कुत्र्यांच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. त्यांतल्या ९५ टक्के पाककृतींत एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. तेव्हा 'घरचे म्हणजे सकसच' असे गृहीत धरू नये. अर्धे गोळ्यांचे आणि अर्धे घरचे मिसळत असाल तर दोन्हींची मापे निम्मी करा. दोन्ही पूर्ण मापाने देणारी घरे मी पाहिली आहेत.

आपल्याकडे शाकाहारी घरे पुष्कळ, आणि त्यांचा प्रश्न नेहमीचाच असतो, "आमच्यात अंडेही चालत नाही, मग कुत्रा पाळायचा की नाही?" कुत्रा मांजरासारखा केवळ मांसावर अवलंबून नाही. २०१३ साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. हजारो वर्षे माणसाच्या उष्ट्यावर वाढल्याची ही खूण. भाकरी, भात त्याला पचतो. पण नुसत्या दूध-चपातीवर त्याची प्रथिने भरत नाहीत, केस गळतात, कातडी कोरडी पडते. ज्या घरात अंडे चालते तिथे एक उकडलेले अंडे, ३० ग्रॅम पनीर, ६० ग्रॅम घट्ट शिजवलेले मुगाचे वरण, ६० ग्रॅम भात आणि थोडी भाजी हे पाच किलोच्या कुत्र्याला दिवसभर पुरते. कॅल्शियम आणि पूरक औषध यालाही लागतेच. अंडेही चालत नसेल तर घरी प्रयोग करण्यापेक्षा तयार शाकाहारी संपूर्ण खाद्य घ्यावे. वाढत्या पिलाला आणि व्यालेल्या कुत्रीला मात्र निव्वळ शाकाहारावर ठेवण्यास मी तयार होत नाही. दुधाविषयी एवढेच, की पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना दुधाने पातळ संडास होते. दही चांगले, एक-दोन चमचे.

पंधरा मिनिटांचे ताट

आता सवय मोडायची कशी? दिवसातून दोनच जेवणे, ठरलेल्या वेळी. जेवणाआधी वीस मिनिटे फिरवून आणा. अन्न कोमट करा, ताटली खाली ठेवा आणि तिथून निघून जा. पुढे बसून "खा रे बाळा, खा" म्हणायचे नाही, हाताने भरवायचे नाही. पंधरा-वीस मिनिटांनी ताटली उचला, अन्न उरलेले असो वा नसो. पुढच्या जेवणापर्यंत पाण्याशिवाय काही नाही. नवे खाद्य सुरू करायचे असेल तर आधी जुन्यात थोडेसे मिसळून सात ते दहा दिवसांत हळूहळू वाढवावे. एकदम बदलले तर पोट बिघडते आणि दोष नव्या खाद्याला जातो. खाऊ म्हणून जे काही द्यायचे ते दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसवायचे. पाच किलोच्या कुत्र्याला म्हणजे तीस कॅलरी: एक बिस्किट, किंवा त्याऐवजी गाजराचे, काकडीचे भरपूर तुकडे.

हे करताना कुत्र्यापेक्षा घरातल्या माणसांना सांभाळणे जड जाते. विशेषतः आजींना. ज्या हातांनी नातवंडे भरवून मोठी केली त्या हातांना भरलेली ताटली उचलायला सांगणे सोपे नाही. त्यांना वाटते मुक्या जिवाला उपाशी ठेवतो आहोत. अशा घरी मी आजींनाच या कामाचे प्रमुख करते. सकाळी दिवसभराच्या खाऊचे तुकडे मोजून एका डब्यात घालायचे. कोणालाही द्यायचे असेल तर त्या डब्यातूनच, आणि डबा आजींच्या ताब्यात. डबा रिकामा झाला की दुकान बंद. ही युक्ती निम्म्याहून अधिक घरांत चालते. पिंकीच्या घरीही चालली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने चिकन-भात संपवला आणि पाच महिन्यांत सातावरून साडेपाच किलोवर आली.

पण ही शिस्त कोणाला लावायची नाही तेही नीट वाचा. चार महिन्यांच्या आतल्या पिलाला कधीही नाही. छोट्या जातीच्या पिलांच्या अंगात साखरेचा साठा नसतो. त्यांना दिवसातून चार वेळा खायला लागते. एक-दोन जेवणे चुकली तरी ती थरथरू लागतात, झोकांड्या देतात, निपचित पडतात. अशा वेळी हिरड्यांवर मध किंवा ग्लुकोज पावडरची पेस्ट बोटाने चोळून लगेच दवाखाना गाठावा. बेशुद्ध पिलाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. दोन किलोच्या आतली प्रौढ कुत्री, गाभण किंवा व्यालेली, मधुमेहाचे इंजेक्शन चालू असलेली, म्हातारी, यांनाही ही शिस्त नको. आणि धडधाकट कुत्र्यानेही चोवीस तास काहीच खाल्ले नाही, किंवा उलटी, संडास, सुस्ती दिसली, तर शिस्त तिथेच थांबवून तपासणी करावी. उन्हाळ्यात सगळेच कुत्रे थोडे कमी खातात, तेव्हा पहाटे आणि रात्री उशिरा जेवण ठेवा.

आपल्या जिल्ह्याचा खाऊ

कांदा, लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. पाच किलोच्या कुत्र्याला एका मोठ्या कांद्याइतके पुरते, आणि रोज थोडे थोडे गेले तरी परिणाम साठत जातो. म्हणून रश्श्यातला भात नको. आणि म्हणूनच आपले सांगलीचे भडंगही नको, त्यात तळलेला लसूण मुबलक असतो.

दुसरी वस्तू बेदाणा. ज्या जिल्ह्यात पाहुण्याच्या हातावर बेदाणे ठेवायची रीत आहे तिथे हे ठळक अक्षरांत सांगायला हवे. द्राक्षे, बेदाणे, मनुका यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे बंद पडतात. सगळ्यांची पडतात असे नाही; एखादा ओंजळभर खाऊन हिंडतो, एखाद्याला मूठभरही पुरत नाही. द्राक्षातले टार्टारिक आम्ल याला कारण असावे असे अलीकडच्या काळात, २०२१ पासून, मानले जाऊ लागले आहे. सुरक्षित माप कोणते हे ठरलेले नाही, तेव्हा छोट्या कुत्र्याला एकही देऊ नये. खाल्लेच असतील तर लक्षणांची वाट न पाहता पहिल्या तास-दोन तासांतच दवाखान्यात आणा. तेव्हा उलटी करवता येते. घरी मीठ-पाणी पाजू नका. बेदाणा शेडवर राखणीला छोटे कुत्रे ठेवणाऱ्यांनीही खाली सांडलेला माल झाडून घ्यावा.

चॉकलेट नको, गडद चॉकलेट तर मुळीच नको. 'शुगर-फ्री' च्युइंग गम, पेपरमिंट आणि काही टूथपेस्टमध्ये झायलिटॉल असते. माणसाला ते निरुपद्रवी, पण कुत्र्याची रक्तशर्करा तासाभरात धोकादायक पातळीपर्यंत खाली आणते. शिजवलेली कोंबडीची हाडे फुटून टोकदार होतात. आणि दिवाळीत, लग्नसराईत, रविवारच्या मटणाच्या तवंगाने स्वादुपिंडाला सूज येऊन वारंवार उलट्या, पोट आखडणे सुरू होते. सोमवारी सकाळी दवाखान्यात येणाऱ्या छोट्या कुत्र्यांत अशी निदान एक-दोन असतात.

तुमचा कुत्रा जेवत नसेल आणि दाखवायला आणायचे असेल, तर आधीचे तीन दिवस घरातल्या प्रत्येकाने काय दिले ते एका कागदावर लिहून फ्रीजला चिकटवा आणि तो कागद बरोबर आणा. कॅलरी लिहू नका, फक्त वस्तू आणि किती ते. बाकीचे दवाखान्यात बघू. वजन घरीही करता येते. आधी आपण एकट्याने काट्यावर उभे राहायचे, मग कुत्र्याला कडेवर घेऊन, आणि वजाबाकी करायची. दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी जेवणाआधी, त्याच काट्यावर.